इंग्लंडमधल्या शेतावर शेफर्ड हटमध्ये राहायचंय? बुकिंगपासून चेकआउटपर्यंत सगळं

बहुतेक लोक फोटो बघून शेफर्ड हट, म्हणजे मेंढपाळाची चाकांवरची छोटी खोली, निवडतात, आणि माझं पहिलं सांगणं हेच आहे की हट निवडू नका, शेत निवडा. हट आतून सगळ्या साधारण सारख्याच असतात, एक डबल बेड, कोपऱ्यात लाकडाची छोटी शेगडी जिला इथे वुडबर्नर म्हणतात, दोन बर्नरचा गॅस, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. पण ती हट मेंढ्यांच्या कुरणात आहे की गाईंच्या गोठ्यामागे, शेतकऱ्याच्या घरापासून किती लांब आहे, त्या महिन्यात त्या शेतावर कुठलं काम चाललेलं असतं, ह्यावर तुमचे दोन-तीन दिवस कसे जाणार ते ठरतं. त्यामुळे हा लेख त्याच क्रमाने लिहितोय. इंग्लंडमध्ये राहणारे आपले लोक आणि इकडे मुलांकडे, बहीणभावाकडे येणारे पाहुणे, दोघांनाही उपयोगी पडेल असा.

आधी ही हट काय प्रकार आहे ते

एकोणिसाव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट, विल्टशर, हॅम्पशर भागातल्या चुनखडीच्या टेकड्यांवर मेंढ्यांचे मोठे कळप असायचे. दिवसा मेंढ्या टेकडीवर चरायच्या आणि रात्री त्यांना खालच्या शेतात फाट्यांचं कुंपण घालून बसवायचे, लेंडीखत थेट जमिनीत पडावं म्हणून. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात ना, अगदी तेच गणित. मेंढ्या विण्याच्या दिवसांत मेंढपाळाला रात्रंदिवस कळपाजवळ थांबावं लागायचं, मग घोडे जुंपून ही चाकांवरची खोली शेतात ओढून न्यायची आणि काही आठवडे तिथेच मुक्काम करायचा. बिडाची चाकं, पत्र्याचं गोलसर छप्पर, दार मधोमध कापलेलं म्हणजे वरचं अर्धं उघडून बाहेर लक्ष ठेवता येईल असं, आणि झोपायच्या फळीखाली एक पिंजरा, ज्यात अशक्त कोकरं शेगडीच्या उबेला ठेवायची. पुढे रासायनिक खतं आली, ट्रॅक्टर आले, मेंढ्या शेतात बसवायची गरज संपली आणि ह्या हट कुठेतरी बांधावर गंजत पडल्या.

आता त्या परत आल्यात त्याला दोन कारणं. एक म्हणजे हौस. माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉननी २०१७ मध्ये आपल्या बागेत ठेवायला सुमारे २५ हजार पौंडांची हट घेतली तेव्हा इथल्या सगळ्या पेपरांत फोटो आले होते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांना जमिनीच्या क्षेत्रावर मिळणारं जुनं अनुदान २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं, त्यामुळे जोडधंदा ही अनेक घरांची गरज झालीय. तुम्ही रात्रीचे जे शंभर पौंड देता ते अशा घरात जातात, हे लक्षात ठेवून गेलं की शेतावर वागणं आपोआप बरोबर होतं.

महिना ठरवा, तारीख नंतर

मार्च-एप्रिल म्हणजे कोकरांचा सीझन. सखल भागात फेब्रुवारीपासून सुरू होतो, उत्तरेकडच्या डोंगरांत एप्रिल-मेपर्यंत चालतो. मुलं असतील तर हाच काळ सगळ्यात भारी, पण तेव्हा शेतकरी रात्ररात्र जागा असतो, त्याला गप्पा मारायला वेळ नसतो, आधी विचारा की कोकरं बघायला, बाटलीने दूध पाजायला मिळेल का आणि कुठल्या वेळेला. आणि घरात कोणी गरोदर असेल तर ह्या काळात मेंढ्यांच्या शेतावर जाऊच नका. विणाऱ्या मेंढ्यांपासून टॉक्सोप्लाझ्मोसिस, लिस्टेरिया अशी इन्फेक्शन होऊ शकतात ज्याने गर्भाला धोका असतो. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, पण हेच सांगते. मेंढ्यांना, कोकरांना हात लावायचा नाही आणि त्यांच्यात काम करून आलेल्या माणसाचे कपडे-बूट पण हाताळायचे नाहीत.

मे महिना माझा सगळ्यात आवडता. बांधावरची हॉथॉर्नची झाडी पांढरी होते, रानात ब्लूबेल्स अजून टिकलेल्या असतात, रात्री आठला पण उजेड असतो आणि शाळांची मे हाफ-टर्म (सत्राच्या मधली आठवडाभराची सुट्टी) सोडली तर गर्दी नसते. जूनमध्ये लोकर कापणी आणि गवत कापणी, सूर्य नऊ-साडेनऊला मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकरं आयांपासून तोडतात आणि मग दोन-तीन रात्री मेंढ्या सारख्या ओरडत राहतात, हे ज्यांना माहीत नसतं ते सकाळी मालकाकडे तक्रार करतात. ऑगस्टमध्ये गव्हाची काढणी, पाऊस येणार असेल तर कंबाईन हार्वेस्टर मध्यरात्रीपर्यंत चालतो, धूळ उडते. मला ते बघायला आवडतं पण शांतता पाहिजे म्हणून गेलात तर वैतागाल. सप्टेंबर-ऑक्टोबर शांत, बांधावर ब्लॅकबेरी, संध्याकाळी शेगडी पेटवायला निमित्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वस्त पडतं पण डिसेंबरमध्ये चारला अंधार होतो आणि फाटकाजवळ घोट्यापर्यंत चिखल असतो, जायचं तर पुस्तकं घेऊन, कुठे फिरायचा हट्ट न धरता जायचं.

कुठे

पहिल्यांदा जात असाल आणि लंडन, स्लाव, रेडिंग भागात राहत असाल तर साउथ डाउन्स किंवा विल्टशर बघा, दोन तासांच्या आत पोचता. हटचं मूळ घर पाहिजे तर डॉर्सेट. तिथलीच डॉर्सेट हॉर्न जातीची मेंढी इतरांपेक्षा वेगळ्या मोसमात, शरद ऋतूतसुद्धा वीत असल्यामुळे काही शेतांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पण कोकरं दिसतात. मँचेस्टर-लीड्सवाल्यांना यॉर्कशर डेल्स आणि पीक डिस्ट्रिक्ट जवळ. वेल्सच्या सीमेवरचं हेरफर्डशर आणि श्रॉपशर लोकांच्या यादीत फारसं नसतं, म्हणूनच बरं आहे, सफरचंदाच्या बागा, टेकड्या, गर्दी कमी. ताऱ्यांसाठी जायचं असेल तर एक्समूर (२०११ मध्ये युरोपातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपलेला भाग, झालं) किंवा नॉर्थंबरलँड, फक्त अमावास्येच्या आसपासची तारीख घ्या. आपल्याकडे घरात कॅलेंडर असतंच, तिथी बघायला वेगळं ॲप लागत नाही. जून महिना ताऱ्यांसाठी नको, उत्तरेत रात्र नीट काळोखी होतच नाही.

बुकिंग करताना विचारायचं ते विचाराच

कॅनोपी अँड स्टार्स, पिचअप, एअरबीएनबी, फार्म स्टे यूके अशा साईटवर हट सापडतात, आणि बऱ्याच शेतांची स्वतःची साईट पण असते, सापडली तर तिथला भाव पण बघून घ्या. साधी वीज नसलेली हट आठवड्याच्या मधल्या दिवशी साधारण ८०-९० पौंडांना मिळते, स्वतःचं बाथरूम, हॉट टब असलेली उन्हाळ्यातल्या शनिवारी १५० च्या वर जाते. वीकेंडला बहुतेक ठिकाणी किमान दोन रात्री घ्याव्या लागतात. ऑगस्ट आणि बँक हॉलिडे (इथल्या सार्वजनिक सुट्ट्या) पाहिजे असतील तर चार-सहा महिने आधी हलायला लागतं. रविवार ते मंगळवार किंवा मंगळवार ते गुरुवार जमत असेल तर पैसे पण वाचतात आणि शेतावर पाहुणे पण तुम्हीच.

पैसे भरायच्या आधी मालकाला एक मेसेज टाका. टॉयलेट हटमध्ये आहे की बाहेर, बाहेर असेल तर किती पावलं आणि वाटेत दिवा आहे का. फ्लश आहे की कंपोस्ट टॉयलेट. कंपोस्टमध्ये पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा असतो, वास येत नाही, पण धुण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांनी हे आधीच विचारायला पाहिजे कारण बऱ्याच कंपोस्ट टॉयलेटमध्ये जास्त पाणी गेलेलं चालत नाही. आंघोळीचं गरम पाणी गॅसवर आहे की सोलरवर, म्हणजे दोघांच्या आंघोळी लागोपाठ होतील का. फोन चार्ज होईल का. गाडी हटपर्यंत जाते का, की शेवटचा रस्ता सामान ढकलगाडीत घालून चालायचा. शेजारी दुसऱ्या हट आहेत का, किती लांब. ह्यातल्या एकाही प्रश्नाने मालकाला राग येत नाही, उलट तो खूश होतो, नंतरची कटकट वाचते.

बेडकडे नीट बघा. हट साधारण सोळा-अठरा फूट लांब आणि सात-आठ फूट रुंद असते आणि बऱ्याच ठिकाणी बेड आडवा टाकलेला असतो, तीन बाजूंना भिंत, म्हणजे आतल्या माणसाला रात्री उठायचं तर बाहेरच्याच्या अंगावरून यावं लागतं. बंक बेड असलेल्या हटमध्ये दोन लहान मुलं मावतात. चार मोठी माणसं एका हटमध्ये नाहीच, दोन हट असलेलं शेत शोधा.

आईबाबांना नेणार असाल तर अजून एक. चाकांमुळे हट जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असते आणि चढायला लाकडी पायऱ्या, बऱ्याचदा कठडा नसलेल्या, पावसात निसरड्या. गुडघेदुखी असेल तर पायऱ्यांचा फोटो मागवा, आणि टॉयलेट आतच असलेली हट घ्या, पंधरा-वीस पौंड जास्त गेले तरी चालतील. रात्री दोन वाजता आईला टॉर्च धरून ओल्या गवतातून नेण्यापेक्षा ते परवडतं.

पोचायचं कसं

गाडी सगळ्यात सोयीची. भारतातून फिरायला आलेल्यांना भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने चालवता येते, आणि गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे आपल्याला जड जात नाही. जड जातात त्या शेवटच्या तीन-चार मैलांच्या गल्ल्या. एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर झाडीच्या भिंती, आणि समोरून ट्रॅक्टर. तिथे मध्ये मध्ये रस्ता जरा रुंद केलेला असतो, ज्याला ती जागा जवळ त्याने मागे घ्यायची, समोरच्याने हात वर करून थँक्यू म्हणायचं. त्या जागेत गाडी पार्क कधीच करायची नाही. फाटकासमोर पण नाही, शेत रिकामं दिसलं तरी.

पोस्टकोडवर विसंबू नका, गावाकडे एका पोस्टकोडमध्ये तीन शेतं येतात. मालकाकडून व्हॉट-थ्री-वर्ड्स ह्या ॲपचे तीन शब्द (प्रत्येक जागेला ते तीन शब्दांचा पत्ता देतं) किंवा गूगल मॅपची पिन मागा आणि नकाशा फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, कारण नेटवर्क नेमकं शेवटच्या वळणावर जातं. शक्यतो उजेडात पोचा.

ट्रेनने जाणार असाल तर स्टेशनवरून टॅक्सी आधी बुक करा, लहान गावात दोनच टॅक्सीवाले असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी ते बिझी असतात. रविवारी बस नाहीच असं धरून चाला. दोघं जात असाल तर टू टुगेदर रेलकार्डवर (दोघांनी मिळून घ्यायचं सवलतीचं कार्ड) तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाड्यांना नाही.

शेगडी पेटवणं

हे नीट जमलं तर अर्धी ट्रिप जमली. पहिल्यांदा भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का बघा, त्याचं टेस्ट बटण दाबून आवाज येतो ना बघा, छताजवळची किंवा भिंतीतली हवेची जाळी कोणी कपडा कोंबून बंद केलेली नाही ना बघा. हट लहान असते, त्यात हा गॅस साठायला वेळ लागत नाही आणि त्याला वास नसतो. ह्याच कारणासाठी बार्बेक्यूचा कोळसा विझलेला वाटला तरी आत आणायचा नाही, पाऊस आला तरी नाही.

आता पेटवायचं. हवेची खिट्टी पूर्ण उघडा. दोन लहान लाकडं खाली थोडं अंतर ठेवून, त्यावर ढलप्या आडव्या-उभ्या रचून, सगळ्यात वर फायरलायटर. आपण चुलीत खालून पेटवतो, इथे वरून पेटवायचं, ज्वाळा हळूहळू खाली उतरते आणि धूर कमी होतो. दार चिकटवून न लावता बोटभर उघडं ठेवा, पाच-दहा मिनिटांत ढलप्या फुलल्या आणि काचेवरची वाफ गेली की दार बंद. मग लाकडं लालसर झाली की खिट्टी अर्ध्यावर आणा. एका वेळी एकच लाकूड टाकायचं. सगळे हीच चूक करतात, थंडी वाजते म्हणून चार लाकडं कोंबतात आणि वीस मिनिटांत हट भट्टीसारखी तापते, मग ऑक्टोबरच्या रात्री दार उघडं टाकून बसायला लागतं. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी शेवटचं लाकूड टाका आणि विझू द्या, रात्रभर जळत ठेवायची गरज नाही, पांघरुणं जाड असतात. पहाटे मात्र नाक गार पडतं, म्हणून सकाळच्या ढलप्या रात्रीच आत आणून ठेवायच्या.

लाकूड मालकाकडूनच घ्या. बाहेरून घेतलंत तर 'रेडी टू बर्न' असा शिक्का असलेलं, २०२१ पासून इंग्लंडमध्ये लहान प्रमाणात विकायच्या लाकडात ओल २० टक्क्यांपर्यंतच चालते. रानातून ओल्या फांद्या गोळा करून आणायच्या नाहीत, त्यांचा नुसता धूर होतो.

खाणं

दोन बर्नर, एक छोटा फ्रिज, ओव्हन नाही, मिक्सर लावायला वीज नाही, असं धरून मेनू ठरवा. आणि हटमध्ये फोडणी करू नका. बऱ्याच हटच्या भिंतींत खरोखरची मेंढीची लोकर भरलेली असते, वर लाकूड, गाद्या, पडदे, लसूण-मोहरीचा वास एकदा बसला की पुढच्या पाहुण्यापर्यंत टिकतो, आणि मिरची जळली तर खोकून बाहेर पळावं लागतं, वर धुराचा अलार्म. उपाय सोपा आहे, घरूनच फोडणी करून छोट्या बाटलीत न्या, किंवा बाहेर आग करायची जागा असते तिथे लोखंडी तव्यावर करा. त्या बाहेरच्या आगीवर वांगं इतकं छान भाजतं की भरीत करायचंच, दाण्याचा कूट, कांदा, कोथिंबीर घरून चिरून नेलेली. मक्याची कणसं, रताळी फॉइलमध्ये. सकाळी पोहे किंवा घरून भाजणी नेली असेल तर थालीपीठ. रात्री दमून आलात तर मेतकूट-भात आणि पापड. चहाचं आलं विसरू नका, गावच्या दुकानात मिळेलच असं नाही.

भारतातून येताना मात्र एक सांभाळा, घरचं तूप, पेढे, खवा, पनीर हे दुधाचे पदार्थ आणि कुठलंही मांस ब्रिटनमध्ये आणायला परवानगी नाही. ह्यामागे जनावरांच्या रोगांची भीती आहे. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूत आला तेव्हा इथे साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि महिनोन्महिने पायवाटा बंद होत्या. कोणी नुकतेच गावाकडच्या गोठ्यात वावरून आले असतील तर तेच बूट इथल्या शेतावर नकोत. तूप इथेच विकत घ्या, सगळीकडे मिळतं.

बाकी अंडी शेताच्या फाटकाशी डब्यात ठेवलेली असतात, पैसे टाकायचे आणि घ्यायची, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. पबमध्ये जेवायचं तर किचन दुपारी अडीचच्या आसपास बंद होतं आणि सहाला उघडतं, नऊला शेवटची ऑर्डर म्हणतात पण साडेआठ समजा. रविवारी दुपारी रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या) असतो आणि संध्याकाळी किचन बहुधा बंद, सोमवारी काही पब पूर्ण बंद. शाकाहारी असाल तर आधी फोन करा. मोठी सुपरमार्केट रविवारी सहाच तास उघडी असतात, त्यामुळे खरेदी शनिवारीच.

शेतावर आणि आजूबाजूला फिरताना

फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. उघडं फाटक कधी कधी मुद्दाम ठेवलेलं असतं, जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून. पांढरी पट्टी किंवा तार दिसली की त्यात करंट आहे असं समजा. कोकरू एकटं पडलेलं दिसलं तर उचलू नका, मालकाला फोन करा, बहुतेक वेळा आई जवळच असते.

पिवळा बाण म्हणजे चालायची सार्वजनिक वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलपण चालतात. ह्या वाटा सरळ लोकांच्या शेतातून जातात आणि तुम्हाला जायचा पूर्ण हक्क असतो, संकोच करू नका, फक्त वाट सोडू नका. ऑर्डनन्स सर्व्हे ह्या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, त्यात शेताचा बांध न् बांध दिसतो.

मेंढ्या निरुपद्रवी, गाई नाहीत. वासरं बरोबर असतील तर लांबून वळसा घाला, गाय आणि वासराच्या मधून कधी जाऊ नका, पळू नका. कुत्रा बरोबर असेल तर जनावरांजवळ दोरी लावलेलीच, पण गाय अंगावर आली तर दोरी सोडा, कुत्रा स्वतःला वाचवतो. संध्याकाळी पायांवर, गुडघ्यामागे, मुलांच्या केसांच्या कडेला गोचीड बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, दाखवा, लाइम डिसीज असू शकतो.

मुलांनी जनावरांना हात लावला की साबण आणि पाण्याने हात धुवायचे, खायच्या आधी तर नक्कीच. सॅनिटायझर इथे पुरत नाही, ई. कोलाय आणि क्रिप्टोस्पोरिडियम त्याने नीट जात नाहीत.

बॅगेत

गमबूट, खरा वॉटरप्रूफ कोट, लोकरीचे मोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, पॉवर बँक, आत घालायच्या चपला (बूट पायरीवरच काढायचे), आणि गरम पाण्याची पिशवी. छत्री नका आणू, टेकडीवर वारा तिला ठेवत नाही. मोठी सूटकेस पण नको, ठेवायला जागाच नसते, मऊ बॅग बेडखाली सरकते.

निघताना

चेकआउट दहा-अकराला असतं. शेगडीतली राख गरम असताना काढू नका, विझलेली दिसली तरी आत निखारे असतात, प्लास्टिकच्या कचरापेटीत तर अजिबात नाही, मालक सांगेल तसं पत्र्याच्या डब्यात किंवा आहे तिथेच ठेवा. खिट्टी बंद, गॅस सिलिंडरचा नळ बंद, उरलेलं खाणं बरोबर न्या. उष्टं-खरकटं शेतातल्या कोंबड्यांना किंवा डुकरांना टाकायचं नाही, इथे ते कायद्याने बंद आहे. पुढच्या वर्षी कोकरांच्या वेळी यायचं मनात असेल तर तिथेच मालकाला विचारून तारीख सांगून ठेवा, मेंढे कळपात कधी सोडले त्यावरून तो पहिली कोकरं कुठल्या आठवड्यात येतील ते बरंचसं बरोबर सांगतो, आणि ईस्टरच्या सुट्टीशी तो आठवडा जुळत असेल तर लगेच बुक करा.